मदत हवी आहे : स्टेपर मोटरमुळे ट्रॅकिंगला दर ३ सेकंदांनी हेलकावा

नमस्कार मंडळी,

ईक्यू-५ जातीच्या जुन्या माउंटला (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या स्टँडला) मी घरीच स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी मोटर) बसवली आहे. मोटर २०० स्टेपची, १६ आणि ६४ दात्यांच्या पुल्या, मध्ये बेल्ट, पुढे वर्म (मळसूत्री दांडा) आणि त्याने फिरणारं १४४ दात्यांचं गिअर. हिशेबाने एक पूर्ण स्टेप ११.२५ आर्कसेकंदांची येते (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट) एका स्टेपचे ३२ मायक्रोस्टेप करणारा, म्हणजे ०.३५ आर्कसेकंद. एवढं पुरेल असं धरून चाललो होतो. पण ७५० मिमी फोकल लेंग्थच्या न्यूटोनियनवर (आरशाच्या दुर्बिणीवर) ३० सेकंदांच्या फोटोतसुद्धा तारे विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम) दिशेने लांबट येतात.

पौषातल्या अमावास्येला वांगणीला चाचणी घेतली. मृगाच्या बाणातला मिंटाका खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे. तो धरला आणि फोटो चालू असताना क्रांतीची (उत्तर-दक्षिण दिशेची) मोटर निम्म्या साइडरिअल वेगाने (तारे आकाशात सरकतात त्याच्या निम्म्या वेगाने) फिरत ठेवली. ताऱ्याची सरळ रेघ उमटायला हवी होती, उमटली नागमोडी. ३० सेकंदांत मोजून १० लाटा, प्रत्येक जवळपास ५ पिक्सेल रुंद, म्हणजे ६ आर्कसेकंद!

वर्मचा फेरा १० मिनिटांचा. मोटरची पुली अडीच मिनिटांत एकदा फिरते, बेल्टचा एकेक दाता नऊ-साडेनऊ सेकंदांनी येतो. तीन सेकंदांत यातलं काहीच बसत नाही. बसतात फक्त मोटरच्या चार पूर्ण स्टेप.

वर्मची चूक ऑटोगायडिंगने (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघत माउंट आपोआप सुधारत राहण्याने) काढता येईल, पण २ सेकंदांच्या एक्स्पोजरवर चालणारा गायडर ही लाट कशी पकडणार? ०.९ अंशाच्या स्टेपची (४०० स्टेपची) मोटर घेऊ, मोठी पुली लावू, की दोष ड्रायव्हरचाच आहे? मोटर बदलायची तर ब्रॅकेटही नव्याने करावं लागेल, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद :

मोटर काढू नका, आधी ड्रायव्हर बघा. कॉइलमधल्या करंटचं एक आवर्तन चार पूर्ण स्टेपमध्येच संपतं, तुमची लाट नेमकी तेवढीच आहे. काही स्वस्त ड्रायव्हरना करंट शून्याजवळ आला की तो नीट सांभाळता येत नाही. काही मायक्रोस्टेप मोटर जागची हलत नाही, मग एकदम उडी घेते. मायक्रोस्टेपचा आकडा वाढवून हे जात नाही. टीएमसी २२०९ हा ड्रायव्हर लावून बघा. त्याच्या एमएस पिनांची (मायक्रोस्टेप ठरवणाऱ्या पिनांची) मांडणी वेगळी आहे, डेटाशीट बघूनच जोडा. मग मिंटाकाची तीच रेघ पुन्हा काढा. लाट उरलीच तर ०.९ अंशाची मोटर घ्या. तिची स्टेप निम्मी, त्यामुळे लाटही साधारण निम्म्यावर येईल. दोन्ही रेघांचे फोटो इथे नक्की टाका.