मेंदूला सूज येते की दाह होतो?

उदगीरकर: ज्येष्ठ नागरिक संघासाठी विस्मरणाच्या आजारावरचं माहितीपत्रक मराठीत करतोय. मूळ मजकुरात म्हातारपणी मेंदूत होणारं ‘इन्फ्लमेशन’ आणि प्रोटीनमधले बदल असा विषय आहे. मी सरळ ‘मेंदूला सूज येते’ आणि ‘प्रथिने साचतात’ असं लिहिलं. कच्ची प्रत घरी वाचायला दिली, तर सासरेबुवा म्हणाले, सूज म्हणजे मेंदूज्वरच की, मग ताप कसा येत नाही? आणि सासूबाईंनी त्यांच्या ताटातलं वरण बंद केलं. प्रथिनं साचतात ना! आता सूज काढून तिथं काय घालू?

पैठणी_वैद्य: शोथ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘त्रिशोथीय’ नावाचा अख्खा अध्याय आहे. आयता शब्द असताना शोधाशोध कशाला?

माजलगावची: वैद्यबुवा, छापणारा ‘मेंदूचा शोध’ करून ठेवील बघा.

गोदाकाठ: चरकातला शोथ म्हणजे अंगावरची सूजच, त्यामुळे अडचण तिथंच राहते. रोमन लेखक सेल्ससनं लाली, सूज, ऊब आणि ठणका अशी चार लक्षणं सांगितली. म्हाताऱ्या मेंदूत यातलं काही नजरेला येत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे ठणका नाही, आणि अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात तर मेंदू सुजायच्या ऐवजी आक्रसतो.
आत चालतं ते वेगळंच. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी घंटागाडीसारख्या कचरा उचलत फिरतात. वय झालं की त्या लवकर बिथरतात, उचलायचं काम धड होत नाही आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडत राहतात. त्याचा त्रास शेजारच्या चेतापेशींना, तोही मंद, वर्षानुवर्षं. म्हणून ‘मंददाह’ लिहा. मूळ लॅटिन शब्दातही पेटवणंच आहे.
वरण मात्र आजच सुरू करा. अमायलॉइड-बीटा आणि टाऊ ही प्रथिनं शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येत नाहीत. पहिलं पेशींच्या बाहेर थापलं जातं, दुसरं पेशीच्या आत गुंता करतं. या आजाराला ज्याचं नाव पडलं त्या डॉक्टर अलॉइस अल्झायमरनं १९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत ज्या बाईच्या मेंदूबद्दल सांगितलं, तिच्या मेंदूत हे दोन्ही होतं. ‘गाठी’ तेवढं लिहू नका, लोक कॅन्सर समजतात.

बाभळगाव_पाटी: दाह म्हणलं की आमच्याकडं ॲसिडिटी. माय म्हणती ‘डोस्क्यात आग पडायलीय’, पण ती माझ्या नावानं पडायली.

पैठणी_वैद्य: पाटीवाल्यांनी मुद्दा माझ्याच पदरात टाकला. दाह हे पित्ताचं लक्षण. लॅटिनमध्ये काय पेटवतात याच्याशी मराठीला काय देणंघेणं?

माजलगावची: मग ‘प्रथिन’ही काढा. १८३८ मध्ये मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञानं ‘प्रोटीन’ शब्द छापला, तो ग्रीक ‘प्रोटेयोस’वरून, म्हणजे पहिल्या मानाचं. ‘प्रथिन’ करणाऱ्याच्या मनात ‘प्रथम’ असणार अशी माझी पैज. उसना शब्द असा घरचा होतो.

उदगीरकर: मंददाह सासऱ्यांना वाचून दाखवला. म्हणाले, मंदाग्नी का?

बाभळगाव_पाटी: साधं लिवा की भाऊ, ‘मेंदू आतून धुमसायलाय’. आमची आजी घरचंच दार हुडकायची, तवा लोक म्हातारचळ म्हणायचे. पत्रकात तेच टाका, समद्याला कळंल.

माजलगावची: अजिबात टाकू नका! म्हातारचळ म्हणजे उतारवयात दुसऱ्या लग्नाचे डोहाळे. आजीला कसा लागेल?

बाभळगाव_पाटी: ताई, तुमच्या माजलगावात तसं आसंल. आमच्यात चळलं म्हंजी डोकं जाग्यावरून हललं. बाई-बुवा काही नाही.

पैठणी_वैद्य: ‘चल्’ धातू. चळणे म्हणजे ढळणे. पाटीवाले बरोबर आहेत.

गोदाकाठ: धातू काही असो, रुग्णाच्या मुलासमोर मी हा शब्द काढणार नाही. ती शिवी आहे.

बाभळगाव_पाटी: शिवी कशी? आजी सोताच म्हणायची, ‘मला चळ लागलाय, हाताला धरून न्या.’