चित्रकार बदलला की नायकही बदलतो
कॉमिक्सबद्दल 'कथा दमदार असेल तर चित्रकार कोणीही चालतो' असं एक मत आहे, ते मला अजिबात पटत नाही. स्पायडरमॅनचंच बघा ना. स्टीव्ह डिटकोने १९६२ ते १९६६ या काळात काढलेला पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, हा काडीपैलवान, खांदे पाडून चालणारा. 'द अमेझिंग स्पायडरमॅन' या कॉमिकच्या ३३व्या अंकात तो अजस्र यंत्राखाली अडकतो, वरून पाणी गळतंय. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि तो ते धूड उचलतो तेव्हा अख्खं पान त्याचं! अंगावर काटा येतो तो चौकटींच्या मापामुळे, संवादांमुळे नव्हे. पुढे प्रेमकथांची कॉमिक्स काढलेले जॉन रोमिता आले आणि तोच पीटर देखणा झाला. रेषा सुरेखच, पण कॉलेजात एकटा पडणारा माझा पीटर मला तिथे सापडत नाही.