हिमोफिलिया : एमिसिझुमॅब सुरू झाल्यावर घरात काय बदलले?

मृण्मयी_सातारा
लेकाच्या सहलीच्या संमतिपत्रावर काल सही केली आणि त्याचे लहानपणीचे सुजलेले गुडघे आठवले, म्हणून हा धागा काढला. त्याला तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ हा घटक त्याच्या शरीरात जवळजवळ नाही. बाहेरून दिलेला फॅक्टर आठ साधारण बारा तासांत शरीरात निम्माच उरतो, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा शीर शोधावी लागे. दोन्ही हात चाचपून झाले की सिस्टर पायाकडे वळत आणि तो माझा पदर मुठीत धरून बसे. आता एमिसिझुमॅब हे औषध महिन्यातून एकदा मांडीत त्वचेखाली टोचतो. रात्री तो कण्हतो का, हे ऐकत झोपण्याची माझी सवय मात्र सुटलेली नाही. आपले अनुभव लिहावेत.

रेवाकाठ
माझ्या भावाला इन्हिबिटर होते, म्हणजे दिलेला फॅक्टर त्याचे शरीरच निकामी करीत असे. एमिसिझुमॅब हा फॅक्टर आठ नसून नऊ आणि दहा यांना जोडून त्याचे काम करणारे प्रतिपिंड आहे, त्यामुळे इन्हिबिटर त्याला अडवीत नाहीत. झिजलेला गुडघा सरळ झाला नाही, परंतु दादा आता दिवसभर दुकानात उभा राहतो.

पाऊलखुणा
दातांच्या डॉक्टरांनी एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, केली, ती नॉर्मल आली आणि आजार गेला, असे आम्हाला सांगण्यात आले! या औषधावर ती तपासणी नॉर्मलच दिसते. दात काढण्याआधी हिमोफिलियाच्या डॉक्टरांना विचाराच.

शमिका
आमचा मुलगा हिमोफिलिया बीचा, त्याला फॅक्टर नऊच लागतो, हे औषध उपयोगाचे नाही. तरीही तुमचे वाचून बरे वाटते. सहलीला कुठे जाणार आहे तो?

मृण्मयी_सातारा
शमिकाताई, प्रतापगडला. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण जाऊ दे म्हटले. पडल्यावर मार डोक्याला असेल, तर औषध चालू असले तरी थेट रुग्णालयात न्यावे, असे बाईंना लिहून दिले आहे.

अनंत_का
आमच्याकडे सरकारी रुग्णालयातून मोफत मिळते, पण मध्यंतरी पुरवठा लांबला. औषध शरीरात काही आठवडे टिकत असल्याने निभावले, तरी सूनबाईंनी ते दिवस कसे काढले, ते मी पाहिले आहे. एसटीने कुपी नेताना ती बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेले औषध वापरता येत नाही.