घरातून गेलेली बंदूक परत मिळवता येते का?

सत्तरीकर (प्रश्न):

आमचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. घरामागे कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आणि त्याला लागून काजूचे भाट असल्याने शेतीरक्षणासाठीचा शस्त्र परवाना आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेला आहे. वडिलांच्या परवान्यावर तीन बंदुका होत्या. एक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), एक भारतीय बनावटीची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचे माप) एकनळी आणि तिसरी पोर्तुगीज अमदानीत घरात आलेली बेल्जियन दुनळी. शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतील असे ठरले, तेव्हा तिघींपैकी एकीला निरोप देणे भाग पडले. ठासणीची आजोबांच्या हातची म्हणून राहिली, एकनळी रोजच्या कामाची म्हणून राहिली आणि दुनळी डीलरकडे गेली.

त्या वेळी घरात कोणाला फारसे वाटले नाही. आता मात्र खंडेनवमीला पाटावर शस्त्रे मांडली की वडील काही न बोलता पूजा उरकतात आणि मग दिवसभर त्या दुनळीच्याच गोष्टी निघतात. तिच्या दस्त्याला मानेपाशी चीर गेली होती. गावच्या मेस्ताने (सुताराने) तिथे पितळेची पातळ पट्टी वाकवून चार बारीक खिळ्यांनी इतकी बेमालूम बसवली होती की डोळे मिटून हात फिरवला तरी लाकूड कुठे संपते आणि धातू कुठे सुरू होतो हे कळत नसे.

माझे दोन प्रश्न आहेत. डीलरकडे गेलेली बंदूक पुढे कोणाकडे गेली हे शोधता येते का, आणि सापडली तर कायदेशीर मार्गाने परत घेता येते का? शिवाय, विकलेल्या किंवा बदलून दिलेल्या बंदुकीची हळहळ आणखी कोणाला लागून राहिली असेल तर तेही वाचायला आवडेल.

फोंड्याचा बागायतदार:

हळहळ म्हणाल तर आमच्या घरी ती काकांच्या वाट्याला आली आहे. त्यांच्याकडे बर्मिंगहॅमची एक सडपातळ दुनळी होती. वजनाला इतकी हलकी की उतारावरच्या कुळागरात दिवसभर खांद्यावर घेऊन फिरले तरी जड वाटत नसे. पाच काडतुसे एकदम भरता येतात एवढ्या एका गुणावर भाळून त्यांनी ती पंप ॲक्शनवर (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून पुढचे काडतूस चढवायच्या बंदुकीवर) बदलून दिली. डीलरने जुन्या बंदुकीची किंमत नव्या बिलातून वळती केली आणि व्यवहार अर्ध्या तासात आटोपला. नवी बंदूक वाईट नाही. ती पावसाची पर्वा करत नाही, तिचे सुटे भाग मिळतात, आणि आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यावर जमा करताना जीव खालीवर होत नाही.

पण एक गोष्ट काकांना कोणी सांगितली नव्हती. सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे देशात ज्या इंग्रजी किंवा बेल्जियन बंदुका आहेत त्याच या हातातून त्या हातात फिरत राहतात. नव्याने भर पडत नाही, गंज आणि हयगय यांनी घट मात्र होत राहते. अशी वस्तू विकणाऱ्याला ती जुनी वाटते आणि विकत घेणाऱ्याला दुर्मिळ. किमतीतला सगळा फरक या दोन नजरांमध्ये आहे आणि तो बहुतेक वेळा डीलरच्या खिशात जातो.

डिचोलीचा वकील:

प्रश्नकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र बंदुकीचा क्रमांक हाताशी हवा. डीलरला प्रत्येक शस्त्राची आवक-जावक नोंदवहीत ठेवावी लागते आणि खरेदीदाराच्या परवान्यावरही त्या शस्त्राची नोंद होते. वडिलांच्या जुन्या परवान्याच्या वहीत बनावट, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असणारच. ती वही जपून ठेवा आणि डीलरला तोंडी विचारण्याऐवजी क्रमांकासह लेखी विचारणा करा. नव्या मालकाचे नाव-गाव तो तुम्हाला सांगेलच असे नाही, आणि सांगावे असा आग्रहही धरू नये; तुमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती करणे अधिक रास्त आहे.

परत घेण्याचा मार्ग दोन टप्प्यांचा आहे. एक म्हणजे घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा हवी. वडिलांकडे आज दोन शस्त्रे आहेत म्हणजे त्यांच्या नावावर तिसरे येऊ शकत नाही. एक तर एक काढावे लागेल, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाचा स्वतंत्र परवाना लागेल. दुसरे म्हणजे खाजगी व्यक्तीकडून थेट घ्यायची झाली तर शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला आधी लेखी कळवायचे असते आणि त्यानंतर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे असतात. ओळखीतला माणूस आहे, कागद मागाहून करू, असा विचार येथे चालत नाही. बंदूक विनानोंद एका घरातून दुसऱ्या घरात गेली तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

नळी आणि दस्ता:

वकीलसाहेबांनी कागदाची बाजू मांडली, मी लोखंडाची मांडतो, आणि ती थोडी कटू आहे. परत मिळवण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी ती दुनळी नेमकी कशी होती हे वडिलांना विचारा. तिच्या नळ्यांवर लाटांसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी दिसत होती का? तशी नक्षी म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली दमास्कस नळी. बेल्जियममधल्या लिएज शहराजवळच्या वेस्द्र खोऱ्यातले कारागीर पहिल्या महायुद्धापर्यंत अशा नळ्या मोठ्या संख्येने करीत आणि त्यांच्याइतके देखणे काम फार थोड्या ठिकाणी झाले. मात्र या नळ्या सहसा काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या दारूच्या, कमी दाबासाठी असत. त्यांच्यात आजचे धूरविरहित दारूचे काडतूस घालणे म्हणजे डावा हात पणाला लावणे होय, कारण नळी फुटते ती बहुधा तो हात जिथे असतो तिथेच.

नक्षी नसेल तर नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवरचे ठसे पाहायला हवेत. पुढचे लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या की ते दिसतात. अंडाकृतीत ईएलजी ही अक्षरे आणि खाली तारा हा लिएजच्या चाचणी केंद्राचा ठसा. त्यावर मुकुट असेल तर बंदूक 1893 नंतर तपासलेली. पीव्ही या अक्षरांवर सिंह असेल तर तिची धूरविरहित दारूची चाचणी झालेली आहे. तेवढ्यानेही भागत नाही, कारण अनेक जुन्या बंदुकांचे घर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) अडीच इंची काडतुसाचे असते. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसते, बंदूक बिनतक्रार मिटतेही, पण बार होताना काडतुसाचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. बसले म्हणजे चालले, हा समज मी स्वतः कितीतरी परवानाधारकांच्या तोंडून ऐकला आहे.

तेव्हा वडिलांनी जी एकनळी ठेवली ती निवड चुकीची होती असे मला वाटत नाही. पूजेसाठी दुनळी हवी असेल तर गोष्ट वेगळी.

सत्तरीकर:

नक्षी नव्हती, नळ्या साध्या काळसर होत्या, असे वडील खात्रीने सांगतात. अंडाकृती ठसा त्यांना आठवतो, त्यावरचा मुकुट आठवत नाही. सिंहाचे चित्र पाहिल्याचे त्यांनी आपणहून सांगितले, मी सुचवले नव्हते. काडतुसाच्या घराची लांबी मात्र कोणी कधी मोजली नाही.

सांगेचा शेतकरी:

माझे मत वेगळे आहे. मी सोळा बोअरची दुनळी दिली आणि मला तिची आठवणही येत नाही. तिची काडतुसे मिळवण्यासाठी डीलरांचे उंबरे झिजवावे लागत. रानडुक्कर सुरणाचा वाफा उकरून जाते तेव्हा आवाज करायला बंदूक लागते, आणि तेवढ्यापुरती कोणतीही चालते. परवाना शेतीरक्षणाचा असला तरी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे जनावर मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. त्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते. मग आवाजासाठी बेल्जियमची नळी कशाला झिजवायची? सुंदर वस्तू म्हणून कोणी ती जपत असेल तर माझा आक्षेप नाही, पण दमट हवेत तिला दर आठवड्याला तेल कोण लावणार हेही ठरवून घ्यावे. आमच्याकडे ते काम शेवटी घरच्या बाईच्या गळ्यात पडले होते आणि बंदूक गेली तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला.

डिचोलीचा वकील:

सत्तरीकर, वडिलांचे वय आपण लिहिलेले नाही. शस्त्र नियम, 2016 मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी परवानाधारकाचा मृत्यूच व्हावा लागतो असे नाही. त्याने वयाची 70 वर्षे पूर्ण केली असतील, किंवा शस्त्र 25 वर्षे त्याच्याकडे असेल, तरी ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वारस पात्र आहे की नाही याची पोलीस चौकशी होतेच. आपल्या घराला हे लागू पडत असेल तर ठासणीची बंदूक आपल्या नावावर आणण्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करा. तो मंजूर झाला की वडिलांच्या परवान्यावर एका शस्त्राची जागा मोकळी होईल. दुनळीसाठी डीलरला पत्र लिहायचे ते त्यानंतर. नाहीतर बंदूक सापडेल, मालकही तयार होईल, आणि ती उतरवून घ्यायला आपल्याकडे परवान्यावर ओळच शिल्लक नसेल. दरम्यान वहीतल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, आणि अर्जासोबत त्या पानाची झेरॉक्स जोडा.