बिझनेस स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात मार्क कशाला द्यायचे: गणिताला की अर्थाला?

चाटीगल्ली_कॉमर्स
सोलापुरात बी.कॉम.च्या मुलांना हा विषय शिकवते. माझं म्हणणं सरळ आहे: निम्मे मार्क उत्तर काढण्याला, निम्मे त्याचा अर्थ सांगण्याला. आज मुलं जुने पेपर घोटतात, टेबल आखतात, सूत्रात आकडे भरतात आणि पैकीच्या पैकी घेतात. ‘मग व्यापाऱ्यानं काय करावं?’ एवढं विचारलं की वर्ग गप्प.

मार्केट यार्डातला कांदा घ्या. समजा पाच लॉटना क्विंटलला ८००, ९००, १,०००, १,१०० आणि ४,२०० रुपये भाव मिळाला. सरासरी १,६००, मध्यक (चढत्या क्रमातला मधला भाव) १,०००. पाचातले चार लॉट सरासरीच्या खाली! ‘सरासरी भाव १,६००’ ऐकून शेतकरी गाडी भरून आला तर त्याच्या पदरात काय पडेल, हे ज्याला सांगता येतं त्याला विषय आला.

जुना_मास्तर
मॅडम, तुमच्याच उदाहरणात लॉटचं वजन कुठंय? ४,२०० चा लॉट दोनच क्विंटल आणि बाकीचे वीस-वीस क्विंटल असतील तर भारित सरासरी (प्रत्येक भावाला लॉटच्या वजनानं गुणून काढलेली) १,०२९ रुपयांच्या आसपास येते. ‘वजन किती?’ हा प्रश्न हातानं गुणाकार-बेरीज केलेल्यालाच सुचतो. अर्थ काय हवेतून येतो?

एक्सेलचंही तेच. प्रमाण विचलनाला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाला, दोन फंक्शन्स आहेत, एसटीडीईव्ही.पी आणि एसटीडीईव्ही.एस. पहिलं एन नं (आकडे जितके तितक्यानं) भागतं, दुसरं एन वजा १ नं. पूर्ण माल मोजलाय की नमुना, यावर कुठलं घ्यायचं ते ठरतं. ज्यानं कधी हातानं भागलंच नाही, तो दिसेल ते बटण दाबतो. पाया काढून माडी बांधू नका.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड
सर, आम्हाला दोन्ही येणारा पोरगा पाहिजे, पण येतो तो फक्त सूत्रवाला. दोन मागांवरच्या टॉवेलचं सरासरी वजन ४०० ग्रॅमच, पण एकाचं प्रमाण विचलन ४ ग्रॅम, दुसऱ्याचं ३०. कामावर घेताना हे कागदावर लिहून देतो आणि विचारतो, कुठला माग आधी थांबवायचा? बी.कॉम. फर्स्ट क्लास पोरं म्हणतात, ‘सरासरी सेम आहे की ओ, दोन्ही बरोबर.’ हलका-जड माल एका गठ्ठ्यात गेला तर ऑर्डर परत येते. त्या पोराला मार्क कशाचे दिले होते?

मंगळवेढेकर_एसवाय
विद्यार्थ्याची बाजू पण ऐका. आम्ही मराठी माध्यमातून आलोय, पेपर इंग्रजीत लिहितो. न्यूमेरिकलला उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क मिळतात, त्यावरच आम्ही पास होतो. ‘अर्थ लिहा’ म्हटलं की ज्याचं इंग्रजी चांगलं त्याला मार्क. शिवाय एक तपासनीस चार देणार, दुसरा दोन. दाद कुणाकडे मागायची?

जुना_मास्तर
या पोराचं अगदी खरं आहे. गणिताचा पेपर गरिबाच्या पोराला न्याय देतो, भाषेचा देईलच असं नाही.

चाटीगल्ली_कॉमर्स
सर, भारित सरासरीचा मुद्दा मान्य. पण ‘वजन किती?’ हे विचारल्याबद्दल आजच्या पेपरात एकही मार्क नाही, मला तोच हवाय. नुसत्या हिशेबावर विसंबता येत नाही, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्येच दाखवलं. आकड्यांचे चार संच, सरासरी जवळपास एकच, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात त्याचं माप) चारही ठिकाणी ०.८१६ च्या घरात. आलेख काढला की एकात सरळ कल, एकात वक्र, एकात एकटा भरकटलेला बिंदू सगळं बिघडवतोय. हातानं कितीही अचूक काढा, आलेख पाहिल्याशिवाय हे दिसत नाही.

मंगळवेढेकर, तुझी भीती रास्त आहे. म्हणून अर्थाचं उत्तर मराठीत चालावं, तीन ओळींत. मार्कांची वाटणी पेपरावरच छापावी: निष्कर्षाला एक, त्यामागच्या आकड्याला एक, कुठली माहिती कमी आहे ते सांगण्याला एक. मग दोन तपासनिसांत फार फरक पडणार नाही.

मंगळवेढेकर_एसवाय
मॅडम, मराठीत चालत असेल तर मी तयार आहे. पण आधी इंटर्नलला करून बघा. एकदम फायनलला नको.