वडिलांची अॅसिडिटी : पोटविकारतज्ज्ञांकडे केव्हा न्यावे?

प्रश्न (फोंड्याहून एक मुलगी)

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. गणेश चवथीपासून त्यांच्या छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात आणि चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. औषधाच्या दुकानातली गोळी घेतली की दोन-चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. आम्ही हुमणातले (माशांच्या आमटीतले) तिखट कमी केले, रात्रीचे जेवण आठच्या आत उरकू लागलो, तरी फारसा फरक पडला नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडलेले मला दिसले. विचारले तर ‘वय झाले, अंग उतरणारच’ म्हणाले. गुडघ्यांसाठी ते वेदनाशामक गोळ्याही घेतात. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवणे पुरेसे आहे, की थेट तज्ज्ञांकडे न्यावे?

उत्तर (म्हापशाहून, निवृत्त परिचारिका)

ताई, ते पट्ट्याचे भोक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जळजळ पुष्कळांना होते आणि बहुतेकदा ती जेवणाच्या वेळा सांभाळून व काही आठवड्यांच्या औषधाने आटोक्यात येते. पण साठीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास आणि त्यासोबत प्रयत्न न करता घटलेले वजन, या दोन गोष्टी एकत्र आल्या की एंडोस्कोपी (तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून जठराची तपासणी) लांबवू नये. गिळताना घास अडकणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, रक्तक्षय ही इतर धोक्याची लक्षणे आहेत. वडिलांना संकोच वाटला तरी शौचाचा रंग अवश्य विचारा. डांबरासारखी काळी, चिकट शौच म्हणजे जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते, आणि तसे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

गुडघ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटे सोबत न्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या औषधांनी जठराला व्रण पडू शकतो. दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो शोधून व्रणाशी त्याचा संबंध दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळाले. त्याची तपासणी करायची असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही निकाल नसल्याचा येऊ शकतो. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

जळजळीसोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ आली तर ती अॅसिडिटी समजून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

उत्तर (मडगावाहून)

माझा अनुभव सांगतो. शौचातून लाल रक्त जात असताना मी दोन वर्षे मूळव्याध समजून मलम लावत राहिलो, कारण घरात सगळ्यांना तेच माहीत होते. शेवटी कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत) मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि त्याच वेळी काढली गेली. ती कर्करोगाची नव्हती, पण अशा काही गाठी वर्षानुवर्षे राहिल्या तर तशा होऊ शकतात. त्या वेळी कुणी तरी ‘आधी तपासून घे’ म्हणाले असते तर माझी दोन वर्षे काळजीत गेली नसती. एंडोस्कोपीची भीती वडिलांना वाटत असेल तर सांगा : सहा-आठ तास उपाशी राहायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि तपासणी सहसा दहा-पंधरा मिनिटांत होते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. रात्री जेवण झाल्यावर बाबांना एकटे गाठून शौचाचा रंग विचारला. आधी चिडले, मग म्हणाले की गेल्या पंधरवड्यात दोनदा काळी झाली होती. लोहाच्या गोळ्या ते घेत नाहीत. सकाळीच बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नेत आहे. गुडघ्यांची पाकिटे पिशवीत घातली आहेत.