महापालिकेनं स्वतःचं कुरिअर चालवावं का?

सांजवेळ

काल दुपारी दोन तासांत आमच्या इमारतीखाली चार कंपन्यांच्या गाड्या येऊन गेल्या. आईच्या औषधांची वाट बघत मी खिडकीशीच बसले होते, म्हणून मोजल्या. पहिल्या दोघींनी मिळून तीन पार्सलं दिली, तिसरीचा चालक बराच वेळ फोनवर पत्ता विचारत होता. चौथी औषधांची. ती फाटकाशी क्षणभर थांबली आणि निघून गेली. लगेच मोबाइलवर मेसेज, 'घरी कुणी नसल्याने पार्सल परत नेले.' घरी आम्ही दोघी होतो. बेल वाजलीच नाही. औषधं आज संध्याकाळी आली, तोवर आईचे दोन डोस चुकले.

पाणी, कचरा, दिवाबत्ती ही कामं शहर स्वतः करतं, कारण ती प्रत्येक दारापर्यंत पोचावी लागतात. फायद्याचं दार कोणतं ते बघून चालत नाही. घरपोच पार्सल आता त्याच रांगेत येऊन बसलंय. म्हणून माझं म्हणणं असं की बाहेरून येणारा सगळा माल शहराच्या वेशीवर एका ठिकाणी उतरावा आणि तिथून महापालिकेच्या माणसानं एका गल्लीची सगळी पार्सलं एकाच फेरीत वाटावीत. पोस्टमनची बीट असते तशी. रोज तोच माणूस, तीच गल्ली. कुणाची बेल बंद आहे, कुणाला जिना उतरवत नाही, हे त्याला पाठ होईल.

हे जगावेगळं नाही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात १९९६ पासून नगरपालिकेचीच मालवाहू होडी चालते. तिथं कालव्यांच्या काठच्या रस्त्यांखाली जुनी तळघरं आहेत, वरून जड ट्रक गेले तर ती खचतील. म्हणून शहरानं गाड्यांच्या वजनावर मर्यादा घातली आणि हॉटेलांची बियरची पिंपं पाण्यावरून पोचवायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. २०१० पासून ती होडी विजेवर चालते. गरज दिसली आणि नगरपालिकेनं ते काम केलं, मला त्यातली ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

ताळेबंद

औषधांच्या बाबतीत असं व्हायला नको होतं, आईंची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. पण उपाय पटला नाही.

होडीचा कालवा ठरलेला, गिऱ्हाईकं ठरलेली, माल ठरलेला. कुरिअरचे पत्ते रोज बदलतात. या धंद्यात खरा खर्च लांबच्या अंतराचा नसतो, शेवटच्या टप्प्याचा असतो. एका फेरीत किती दारं होतात यावर सगळं गणित उभं आहे. तुम्ही चार गाड्या मोजल्यात. महापालिका उतरली की पाच होतील, आणि पाचांच्याही फेऱ्या अर्ध्या रिकाम्या. हे टाळायचं तर बाकीच्यांना बंदी घालून महापालिकेला मक्ता द्यावा लागेल. मग मेसेज खोटा आला तर तुम्ही दुसरीकडे जाणार कुठे?

दुसरं, आणि मला हेच जास्त खटकतं. गाडी कुठे उभी करायची, कुठल्या वेळेत कुठल्या रस्त्यानं न्यायची, दंड किती, हे ठरवते महापालिका. तिच्याच गाड्या धंद्यात असतील तर दंडाची पावती कुणावर फाटेल? पंचानं बॅट हातात घेऊ नये.

आणि वेशीवरच्या एकत्रित केंद्रांचा अनुभव युरोपनं घेतलाय. अनुदान होतं तोवर चालली, ते आटलं तशी त्यांतली बरीच बंद पडली. तो तोटा शेवटी पाणीपट्टी-घरपट्टीतूनच भरला जातो, ज्यानं आयुष्यात एक पार्सल मागवलं नाही त्याच्याही.

पाठीवर पिशवी

सहा वर्षं डिलिव्हरी करतोय, म्हणून त्या मेसेजमागचं सांगतो. रात्री हिशेब बंद व्हायच्या आत यादीतल्या प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी नोंद लागते. पोचलं नसेल तर कारण निवडायचं. कारणांत 'गाडी लावायला जागा नव्हती' नाही. 'चौथा मजला, लिफ्ट बंद' नाही. 'ग्राहक उपलब्ध नाही' आहे. तेच दाबलं जातं. मीही दाबलंय, ताई, आणि दाबताना बरं वाटत नाही. आम्हाला पैसे पोचलेल्या पार्सलचे मिळतात. बेल वाजवून थांबलो तर तो वेळ आमच्या खिशातून जातो.

सकाळी माल कुठे लावतो ते कुणी पाहिलंय का? फुटपाथवर. गाडीतून सगळं खाली ओतायचं, गल्लीप्रमाणे ढीग करायचे, जड खाली, हलकं वर. पाऊस आला की अंगातला रेनकोट काढून पार्सलांवर टाकायचा, कारण भिजलेल्याची भरपाई आमच्याकडून कापतात. शेजारी दुसऱ्या कंपनीचा पोरगा तेच करत असतो, बऱ्याचदा त्याच गल्लीचा माल घेऊन. आम्ही आपसात अदलाबदल केली तर दोघांचा अर्धा दिवस वाचेल. पण परवानगी नाही.

महापालिकेची नोकरी मिळाली तर मी उद्या घेईन. ठरलेला पगार असेल तर मी बेल तीनदा वाजवीन. पण भरती न होता ठेकेदार मध्ये आला, तर आमच्यासाठी फक्त शर्टाचा रंग बदलेल.

वेशीवरचा

वरच्या प्रतिसादातली अदलाबदलीची गोष्ट बर्लिननं करून पाहिली, निदान अर्धी. २०१८ मध्ये तिथं एकाच आवारात पाच प्रतिस्पर्धी पार्सल कंपन्यांना जागा दिली. प्रत्येकीनं आपला माल तिथं उतरवायचा आणि मालवाहू सायकलींवरून आसपास वाटायचा. आवार चालवायला घेतलं बेहालानं, म्हणजे बर्लिनच्याच मालकीच्या बंदर कंपनीनं. पार्सलं मात्र ज्याची त्यानंच पोचवली. शहराकडे फक्त जमीन आणि शेड. मला हा मार्ग पटतो, कारण गर्दीच्या वस्तीत जागा मिळवणं कुठल्याच कंपनीला एकटीला परवडत नाही आणि शहराकडे ती असते.

मक्त्याबद्दल इतिहासातलं एक सांगतो. १६८० मध्ये विल्यम डॉक्रा यांनी लंडनमध्ये खासगी पेनी पोस्ट काढलं. एक पौंड (साधारण अर्धा किलो) वजनापर्यंतचं पत्र किंवा पाकीट एका पेनीत शहरभर, दिवसातून अनेकदा. सरकारी टपालाचं उत्पन्न राजाच्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला मिळत असे. त्यानं दावा लावला, आणि १६८२ मध्ये डॉक्रांच्या हातून ती सेवा काढून सरकारी टपालखात्याला जोडली गेली. शहरातलं टपाल एका खासगी माणसानं करून दाखवलं आणि ते चालतंय म्हटल्यावर सरकारनं ओढून घेतलं. म्हणून मक्ता म्हटलं की मी सावध होतो.

सांजवेळ

पण ओढून घेतल्यावर ते बंद पडलं नाही ना? एका पेनीचा दर १८०१ पर्यंत टिकला. आणि उलट बाजूचंही उदाहरण आहे. अमेरिकेच्या टपालखात्यात पूर्वी चार पौंडांपेक्षा जड पाकीट घेत नसत. त्याहून जड सगळं खासगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हातात, आणि खेड्यातल्या लोकांना त्या सांगतील तो दर. १ जानेवारी १९१३ ला सरकारनं पार्सल पोस्ट सुरू केलं, अकरा पौंडांपर्यंत. त्या कंपन्यांवर बंदी घातली नव्हती. लोकांना दुसरं दार मिळालं, एवढंच.

ताळेबंद

ते देशभराचं खातं होतं, गावोगावी पोस्टमन आधीपासून फिरत होते. शहराला शून्यातून उभं करायचंय. शिवाय एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. कुणाच्या घरी कुठल्या दवाखान्यातून, कुठल्या वकिलाकडून काय येतं, ही रोजची नोंद कर वसूल करणाऱ्या आणि बांधकाम पाडायची नोटीस काढणाऱ्या कार्यालयाकडे असावी का? कंपनीकडे असते तेव्हाही मला आवडत नाही. पण कंपनी माझं घर पाडू शकत नाही.

सांजवेळ

या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. नोंदीचं तुमचं म्हणणं मान्य. पंचाचंही मान्य. सगळ्या पार्सलांचा हट्ट मी सोडते. शेड आणि आवार शहराचं, तिथं येणाऱ्या प्रत्येक कंपनीला एकच अट: खोटी नोंद आढळली तर जागा जाईल. दंड करायचा अधिकार शहराकडे आहेच, तो इथं वापरा.

पण एक तुकडा मी सोडणार नाही. महापालिकेची स्वतःची बिलं आणि नोटिसा घरोघर जातातच. तोच माणूस, पगारावरचा, ज्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो अशा घरांची औषधं नेऊ शकतो. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांचीच, बाकी कुणाची नाही. आत काय आहे याची नोंद औषधवाल्याकडेच राहू दे, महापालिकेकडे फक्त पत्ता.

पाठीवर पिशवी

पत्त्यासोबत आणखी एक रकाना ठेवा, ताई. दार उघडायला किती वेळ लागतो तो. आमच्या यादीत तो नसतो, आणि आम्हाला नेमका तोच हवा असतो.

सांजवेळ

आईला चार मिनिटं लागतात. काठी शोधावी लागली तर पाच.